नळीवरचा ५.५ आकडा आधी बघा

प्रश्न : मुलीला नेमबाजीची आवड आहे. तिच्या सरावासाठी ओळखीच्या एका गृहस्थांकडची जुनी, स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल ठरवली. अर्धे पैसे इसार म्हणून दिले आणि 'चालवून बघा' म्हणत त्यांनी ती घरी पाठवून दिली. नळीवर ५.५ असं कोरलेलं आहे. मध्यंतरी त्यांनी जास्त ताकदीची स्प्रिंगही बसवून घेतली आहे. बिल नाही. 'एअरगनला परवाना लागत नाही, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालक मीच,' असं ते म्हणतात. उरलेले पैसे द्यावेत की सरळ नवी घ्यावी?

उत्तर : पैसे देऊ नका. नवी की जुनी हे नंतर बघू. आज तुमच्या कपाटात जे आहे त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

'परवाना लागत नाही' हे वाक्य सगळ्याच एअरगनना लागू नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधल्या 'अग्निशस्त्रा'च्या व्याख्येत स्फोटकाबरोबरच इतर ऊर्जेनं गोळी फेकणारी शस्त्रंही येतात, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारीही. पुढे शस्त्र नियम, २०१६ नं रेषा आखून दिली : नळीचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ४.५ मिलिमीटरपेक्षा (इंचांत पॉइंट वन सेव्हन सेव्हन) जास्त असेल, किंवा नळीच्या तोंडाशी छर्र्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना हवा. यातला 'किंवा' महत्त्वाचा. तुमची रायफल ५.५ ची, म्हणजे पॉइंट टू टू. ती कितीही मरतुकडी असली, स्प्रिंग काढून कमजोर बसवली, तरी परवान्यातून सुटत नाही. गृहस्थ खोटं बोलत असतील असं नाही. १९६२ च्या जुन्या नियमांत कसोटी वेगळी होती, छर्रा लाकडी फळी भेदतो का यावर बेतलेली. त्या काळातली समजूत अजून तोंडी फिरते आहे.

'मालक मीच' या वाक्याचाही तुम्हाला उपयोग नाही. कायदा मालकी विचारत नाही, ताबा विचारतो. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शस्त्राची जाणीव आणि त्यावर नियंत्रण असेल तर ते प्रत्यक्ष हातात नसतानाही ताबा धरता येतो. तुमच्याकडे तर ते घरातच आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास कलम २५ (१ब) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद व दंड. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण 'बघू सावकाश' म्हणण्याची ही वेळ नाही.

मग रायफल गपचूप परत नेऊन द्यायची? नको. गाडीच्या डिकीत घालून नेणं म्हणजे विनापरवाना वाहून नेणं. कलम २१ प्रमाणे, ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. आधी स्थानिक वकिलाकडून लेखी अर्ज तयार करून घ्या : रायफल कोणाकडून, कधी, कशासाठी आली, नळीवर काय खुणा आहेत. अर्ज घेऊन वकिलासह ठाण्यात जा, रायफल नंतर पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे जमा करा आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. व्यवहाराचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका, तोच तुमच्या हेतूचा पुरावा. इसाराचं म्हणाल तर, करारच बेकायदा असल्याचं नंतर उघड झालं तर दिलेले पैसे परत मागता येतात (करार अधिनियम, १८७२, कलम ६५). मात्र इथे 'मला ठाऊक नव्हतं' हे तुम्हाला दाखवावं लागेल. मला विचाराल तर आधी सामोपचारानं मागा.

'नळी बदलून ४.५ ची करून देतो' म्हणणारा कोणी भेटेल. त्याला हात जोडा. २०१९ पासून शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे अग्निशस्त्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात बदलायलाही परवाना लागतो.

आता मुलीसाठी. दहा मीटरच्या नेमबाजीत छर्रा ४.५ चाच असतो, म्हणजे पॉइंट टू टू तिच्या कामाची नव्हतीच. ४.५ ची जुनी घ्यायला कायद्याची हरकत नाही, पण स्प्रिंगच्या रायफलीत आधीच्या मालकानं काय केलंय ते बाहेरून दिसत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर वेगानं सुटला तर ऊर्जा १९.६ जूल, तोच २९० नं सुटला तर २१. फक्त दहा मीटरचा फरक, आणि रायफल परवान्याच्या पलीकडे! स्प्रिंग बदललेली असेल तर वेगमापकावर, तेही वेगवेगळ्या वजनाच्या छर्र्यांनी तपासल्याशिवाय सौदा नको. हवा दाबली जाते त्या सिलिंडरमध्ये जास्त तेल गेलेलं असेल तर ते दाबानं पेट घेऊन वेग वाढतो, म्हणून पहिल्या दोन-चार फैरींवर निकाल काढू नका.

एवढ्या उस्तवारीपेक्षा मी नवीच घ्या म्हणेन : बिलावर बोअर आणि रायफलीचा क्रमांक लिहून घ्या, ऊर्जेचा आकडा उत्पादकाच्या कागदावर असू द्या, आणि नोंदीसाठी विक्रेता ओळखपत्राची प्रत मागेल ती द्या.