‘न्यू’ चालेना म्हणून गेम सोडायचा?

प्रश्न : सर, मी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युनिटी या गेम इंजिनात गेम करतोय. शत्रूच्या क्लासला कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) लिहून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या ‘न्यू’ने आयुष्य आणि वेग पाठवले, तर पिवळी वॉर्निंग येते. इंटर्नशिपच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारलं, मी गप्प. गेम सोडून वेबकडे वळू का? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : वेब आवडत असेल तर खुशाल वळ, पण एका वॉर्निंगपायी नको.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ऑब्जेक्ट तू बनवतोस. युनिटीत मोनोबिहेवियर, म्हणजे तुझ्या शत्रूसारखी गेममधल्या वस्तूला जोडायची स्क्रिप्ट, इंजिन स्वतः बनवतं, आणि तुझ्या कन्स्ट्रक्टरला काय द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. तू ‘न्यू’ केलंस तर कंपाइलर अडवत नाही, पण तो शत्रू कुठल्याच गेमऑब्जेक्टला (गेममधल्या वस्तूला) जोडलेला नसतो. त्याचं अपडेट, म्हणजे दर फ्रेमला चालणारी मेथड, कधी चालत नाही. गंमत म्हणजे, तो नल (म्हणजे नसलेलाच) आहे का असं विचारलं तर युनिटी चक्क ‘हो’ म्हणतं!

मग करायचं काय? आधी स्क्रिप्ट गेमऑब्जेक्टला जोडणारं अ‍ॅडकंपोनंट, आणि लगेच पुढच्या ओळीत आपलीच सेटअप मेथड : आयुष्य १००, वेग ५. इथे एक खड्डा आहे. युनिटी स्क्रिप्टच्या अवेक आणि स्टार्ट या मेथड आपणहून चालवतं. गेमऑब्जेक्ट चालू असेल तर अवेक हे अ‍ॅडकंपोनंटच्या आतच उरकतं, म्हणजे तुझे १०० पोचायच्या आधी. आयुष्याची पट्टी अवेकमध्ये भरलीस तर ती रिकामीच दिसणार. स्टार्ट नंतर येतं, पट्टी तिथे भर.

कन्स्ट्रक्टर शिकलेला वाया गेलेला नाही. घाव किती बसला, आयुष्य किती उरलं, हा हिशेब साध्या सी शार्प क्लासमध्ये ठेव. त्याला हवे तेवढे पॅरामीटर दे. गेम न चालवताही तो तपासता येतो.

मुलाखत घेणाऱ्याला मेथडच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं. ऑब्जेक्ट कोण बनवतं आणि कधी, हे तुला कळलंय का ते तो चाचपतो. अनरियल या दुसऱ्या गेम इंजिनातही हीच गत : स्पॉनअ‍ॅक्टरडिफर्डने अ‍ॅक्टर (तिथली गेममधली वस्तू) अर्धवट उभा करायचा, आयुष्य-वेगाचे आकडे भरायचे, मग फिनिशस्पॉनिंगने पुरा करायचा.

आता आठ दिवस काढ. एकाच क्लासमधून तीन वेगळे शत्रू उभे कर, प्रोजेक्ट गिटहबवर टाक, आणि अवेकचा हा घोळ रीडमीत (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलीत) तुझ्या शब्दांत लिही. पुढच्या अर्जाला तीच लिंक जोड.