एका सेमिस्टरमुळे स्कॉलरशिप जाते का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत आहोत, मुलगा इथलाच जन्माचा. त्याला आर्मी आरओटीसीची (कॉलेज करता करता आर्मी ऑफिसर व्हायचं प्रशिक्षण) चार वर्षांची स्कॉलरशिप मिळाली आणि ऑगस्टमध्ये तो मिलिटरी कॉलेजला गेला. फॉलचा, म्हणजे डिसेंबरपर्यंतच्या सेमिस्टरचा जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) आलाय १.८, कॅल्क्युलसमध्ये चक्क एफ. शाळेत बी च्या खाली कधी गेला नाही हो! सुट्टीभर गप्प गप्प होता आणि परत जायच्या आदल्या रात्री अकॅडमिक प्रोबेशनचं पत्र हातात ठेवलं. ह्यांचं म्हणणं, आपणच तिथल्या ऑफिसरला फोन लावू. स्कॉलरशिप गेली का आता? भरलेले पैसे परत मागतील का? रात्र रात्र झोप नाही. – एक आई

उत्तर: आधी जरा शांत व्हा, स्कॉलरशिप गेलेली नाही. आर्मी आरओटीसीत सेमिस्टरचा आणि एकूण असा दोन्ही जीपीए किमान २.० लागतो, तो घसरला की आधी प्रोबेशन येतं, म्हणजे सुधारायला एक सेमिस्टर मिळतं. खरी भीती असते ती लागोपाठ दुसऱ्या सेमिस्टरला तसंच झालं तर. ते पत्र पुन्हा एकदा नीट वाचा आणि कोणी पाठवलंय ते बघा, कारण कॉलेजचं प्रोबेशन वेगळं आणि आरओटीसीचं वेगळं, एक मिटलं म्हणजे दुसरं आपोआप मिटत नाही. त्यात लीव्ह ऑफ अ‍ॅबसेन्स (आरओटीसीतून तात्पुरतं बाजूला ठेवणं) असे शब्द असतील तर प्रकरण जास्त गंभीर आहे, तेव्हा महिन्याचा ४२० डॉलरचा स्टायपेंडसुद्धा थांबतो. (एअर फोर्स किंवा नेव्हीची स्कॉलरशिप असलेल्यांनी हे २.० धरून चालू नका, तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत, नेव्हीत तर कॅल्क्युलस सहसा दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत पास व्हावंच लागतं.)

आता आकडे मांडू, कारण १.८ हा आकडा दिसतो तितका भयंकर नाही. समजा त्याने १५ क्रेडिट घेतले होते, म्हणजे १५ गुणिले १.८, २७ पॉइंट झाले. स्प्रिंगला परत १५ घेतले तर ३० क्रेडिटला ६० पॉइंट हवेत, म्हणजे या सेमिस्टरला २.२ आणला की एकूण जीपीए २.० वर येतो. २.२ म्हणजे बहुतेक सी (२ पॉइंट) आणि एखाद-दुसरा बी (३ पॉइंट), शाळेत बी च्या वर असलेल्या मुलाला न झेपणारं काही नाही. आणि पुष्कळ कॉलेजांत नापास झालेला कोर्स परत घेतला की जुन्या ग्रेडच्या जागी नवी धरतात, तसं त्याच्याकडे असेल तर चार क्रेडिटच्या कॅल्क्युलसमध्ये साधा सी आणि बाकीच्यात सरासरी २.५ आली तरी एकूण २.४ होतो. पण हा नियम आरओटीसीला मान्य आहे का ते आधी विचारून घ्यायचं, गृहीत धरायचं नाही. अजून एक, घाबरून मुलं मार्चमध्ये एखादा अवघड कोर्स सोडून देतात आणि क्रेडिट १२ च्या खाली जातात, मग फुल-टाइम स्टुडंटच राहत नाही, आणि स्कॉलरशिपची ती मूळ अट आहे. कुठलाही कोर्स सोडायच्या आधी कॉलेजातल्या आरओटीसी युनिटला विचारल्याशिवाय सही करू नको म्हणावं.

फोनचं म्हणाल तर तो तुम्ही करू नका, मनापासून सांगते. १९७४ च्या कायद्यानुसार कॉलेजला गेलेल्या मुलाच्या ग्रेडबद्दल त्याच्या संमतीशिवाय पालकांशी बोलायला ते सहसा तयारच होत नाहीत, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. उद्या जो तीस-चाळीस सैनिकांची जबाबदारी घेणार, त्याच्या ग्रेडबद्दल त्याच्या आईवडिलांनी बोलायचं? प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्स, म्हणजे युनिटचा प्रमुख, त्याची वेळ मुलाने स्वतः मागायची, पुढचं पत्र यायच्या आत, आणि जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही. आरओटीसीत १०४-आर नावाचा फॉर्म असतो, ग्रॅज्युएशनपर्यंतचा प्रत्येक सेमिस्टरचा प्रत्येक कोर्स त्यात लिहायचा. तो नव्याने भरून, त्यावर अकॅडमिक अ‍ॅडव्हायझरची सही घेऊन गेला तर चर्चा एफ वरून सुरू न होता पुढे काय करणार यावरून सुरू होते.

मी अकॅडमिक अ‍ॅडव्हायझिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून एक आठवण सांगते. पहिल्या वर्षाचा एक कॅडेट माझ्यासमोर येऊन बसला, बूट आरशासारखे, शर्टाला एक सुरकुती नाही, आणि गणिताची वही उघडली तर ऑक्टोबरपासून कोरी. मी कॅलेंडर काढेपर्यंत बसल्या बसल्या झोपला. आळशी नव्हता हो, बूट, खोली, ड्रिल, सीनियर्सची बोलणी सगळं चोख सांभाळत होता, कारण त्या चुकीची शिक्षा त्याच दिवशी मिळते आणि गणिताची डिसेंबरमध्ये! मिलिटरी कॉलेजचं पहिलं वर्ष असंच असतं, व्हीएमआयमध्ये (व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट) त्या मुलांना रॅट म्हणतात, सिटाडेलमध्ये नॉब, नॉर्विचमध्ये रूक, नावं वेगळी पण दमणूक तीच. आम्ही त्याच्या आठवड्यात ट्यूटरिंगचे दोन तास ड्रिलसारखे ठरवून टाकले, वेळ, जागा, सही, सगळं. तुमच्या मुलालाही हेच लागेल, नुसतं अभ्यास कर म्हणून काही होत नाही.

पैशांचं. चार वर्षांच्या स्कॉलरशिपवाल्याला पहिलं वर्ष मोकळं असतं, त्या वर्षात स्वतःहून सोडली तर परतफेड नाही, सेवेचं बंधन नाही. दुसऱ्या वर्षाचे क्लास सुरू झाले की मात्र करार लागू होतो, एकूण आठ वर्षांची सेवा, आणि मधेच बाहेर पडावं लागलं तर पैसे परत करा नाहीतर साधा सैनिक म्हणून भरती व्हा, यातलं काय ते आर्मी ठरवते. म्हणजे तुमच्या हातात ऑगस्टपर्यंतचा वेळ आहे, आणि तो फक्त जीपीएसाठी नाही. हे खरंच करायचंय का, हे त्याला कोणीतरी विचारायला हवं, आणि मला वाटतं ते तुम्हीच विचारावं, ग्रेडचा विषय बाजूला ठेवून, मुलाच्या बाबांनाही आधी सांगून की उत्तर काहीही आलं तरी त्या क्षणी आवाज चढवायचा नाही. सुट्टीभर गप्प राहिलेला मुलगा शेवटच्या रात्री का होईना पण पत्र घेऊन तुमच्याकडेच आला ना. हो म्हणाला तर याच आठवड्यात वेळ मागायला सांगा, आणि मेमध्ये ग्रेड आल्या की मला नक्की कळवा, मी वाट बघेन.