‘निवडणूक आयोगात नोकरी’ म्हणजे नेमकी कुठली?

देगलूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : “मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेतलंय. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाला मी केंद्राध्यक्ष होतो. रात्री उशिरा साहित्य जमा करून घरी आलो, तिने सगळं खोदून खोदून विचारलं, आणि तेव्हापासून एकच धरून बसलीय : मला निवडणूक आयोगात नोकरी करायची. त्याची परीक्षा कोणती? पुण्याला किंवा दिल्लीला क्लास लावावा का? पतसंस्थेचं कर्ज काढायची माझी तयारी आहे.”

गुरुजी, नमस्कार.

कर्ज आत्ता काढू नका. का, ते सांगतो.

आयोगाची स्वतःची माणसं फार थोडी. दिल्लीत अशोक रोडवरच्या निर्वाचन सदनात तीन आयुक्त, त्यांच्या हाताखाली निवडणूक उपायुक्त आणि काही शे जणांचं सचिवालय. तिथले बरेच वरिष्ठ अधिकारीही केंद्रीय सेवांमधून ठराविक मुदतीसाठी आलेले असतात. आणि २०२४ च्या लोकसभेला देशभर साडेदहा लाख मतदान केंद्रं होती, त्यांवर आणि त्यांच्या मागे राबणारी माणसं सुमारे दीड कोटी. ती आली कुठून? तुमच्या शाळेतून, तलाठी सज्जातून, पंचायत समितीतून.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगाचं कलम मांडलं, तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं : आयोगाला कधी कामाचा डोंगर असेल, कधी काहीच काम नसेल, मग बारा महिने स्वतंत्र यंत्रणा पोसण्यापेक्षा प्रांतांकडून कर्मचारी उसने घ्यावेत. तेच आज अनुच्छेद ३२४ मध्ये आहे. पण उसना माणूस कुणाचं ऐकणार, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर कायद्याने दिलं : निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत हे सगळे आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं, आणि त्या काळात त्यांच्यावर नियंत्रण आणि शिस्त आयोगाची. म्हणजे गुरुजी, २० नोव्हेंबरला नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी मतपत्रिका लावलेली दोन्ही यंत्रं सांभाळत तुम्ही बसला होता, तेव्हा तुम्ही आयोगाचेच होता. लेकीला हे नक्की सांगा. तिला जे हवंय ते तिने घरातच पाहिलंय.

आता जिना बघा. राज्यात मुख्य निवडणूक अधिकारी. त्यांना आयोग राज्य सरकारशी सल्लामसलत करून नेमतो. जिल्ह्यात जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी आणि बहुतेक वेळा लोकसभेचे निवडणूक निर्णय अधिकारीही. त्यांच्या मदतीला उपजिल्हाधिकारी (निवडणूक). विधानसभा मतदारसंघाची मतदार यादी सहसा उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तहसीलदार त्यांचे सहायक, तहसीलमध्ये निवडणुकीचे नायब तहसीलदार आणि सगळ्यात खाली बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. यातली निवडणुकीची खरी पकड ज्यांच्या हातात असते ती पदं आहेत उपजिल्हाधिकारी, तहसीलदार आणि नायब तहसीलदार. ती एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून मिळतात. ‘त्याची परीक्षा कोणती’ याचं उत्तर हेच.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. त्या खुर्चीवर बसल्यावर निवडणूक हा कामाचा एक भाग असतो. बाकीचे दिवस फेरफाराच्या तक्रारी, अतिवृष्टीचे पंचनामे, उन्हाळ्यात टँकरचे प्रस्ताव, वाळूच्या गाड्या. फक्त मतदानाच्या दिवसाची भुरळ पडली असेल तर हे काम तिला जड जाईल. लोकांची कामं मार्गी लावण्यात तिचं मन रमत असेल, तर यासारखी नोकरी नाही. हे मुलीला तुम्ही विचारू नका, वर्षभर तिचं तिला कळू द्या.

आयुक्त व्हायचं स्वप्न असेल तर तेही चुकीचं नाही, पण वाट लांबची. १९५० मध्ये सुकुमार सेन एकटेच आयुक्त होते. त्यांनी घेतलेल्या पहिल्या निवडणुकीत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता; देगलूरकरांनी तेव्हा हैदराबादच्या विधानसभेसाठी मत दिलं. १९९३ पासून आयोग कायमचा तीन सदस्यांचा झाला. एकमत नसेल तर बहुमताने निर्णय. २०२३ च्या कायद्याप्रमाणे आयुक्त हा केंद्रात सचिव दर्जाचं पद भूषवलेला असावा लागतो. म्हणजे व्यवहारात वाट यूपीएससीची. निवड समितीत पंतप्रधान, एक केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेते असतात. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा होईपर्यंत मंत्र्याच्या जागी सरन्यायाधीश असावेत असं सांगितलं होतं. मला न्यायालयाची रचना अधिक विश्वास देणारी वाटते. मुलीने मात्र दोन्ही बाजू वाचून स्वतःचं मत बनवावं, मुलाखतीत हा प्रश्न हमखास येण्यासारखा आहे. आजवर मुख्य निवडणूक आयुक्तपदी एकच महिला आली, व्ही. एस. रमादेवी, १९९० मध्ये, तीही जेमतेम पंधरवडाभर. ही जागा भरून निघायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिकांच्या निवडणुका मात्र दिल्लीच्या आयोगाच्या नाहीत. त्या मुंबईतल्या राज्य निवडणूक आयोगाच्या. तो ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये आला. आयोग वेगळा, पण तालुक्यात राबणारे हात तेच, आणि यादीही विधानसभेचीच, प्रभागनिहाय फोडलेली. नीला सत्यनारायण यांनी राज्य निवडणूक आयुक्तपद सांभाळलं होतं. मुलीने त्यांच्याविषयी जरूर वाचावं.

क्लासबद्दल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता पर्यायांवर खुणा करून भागत नाही, पानं भरून लिहावं लागतं. ते लिहिणं पदवीच्या वर्षांत, घरी बसून शिकता येतं. पुण्यात खोली घेऊन पाच-पाच वर्षं काढलेली आणि पदवीचे गुणही धड नसलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे बघवत नाही. पदवी आधी पूर्ण होऊ द्या. पुढे यूपीएससीकडे वळायचं ठरलं, तर छत्रपती संभाजीनगरला शासनाचं पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे प्रवेश परीक्षेतून जागा मिळते. आणि किती प्रयत्न करायचे, तो आकडा आजच ठरवून लिहून ठेवा. तीन म्हणा. नंतरची दुसरी वाट म्हणून तीन वर्षांची एलएल. बी. चांगली : लोकसभा-विधानसभेच्या निवडणूक याचिका उच्च न्यायालयात चालतात, आणि आपलं खंडपीठ संभाजीनगरलाच आहे.

यावर्षी तिने एवढंच करावं. तहसीलच्या निवडणूक शाखेत जाऊन नायब तहसीलदारांना भेटावं, मतदार यादीच्या पुनरीक्षणाचं, म्हणजे यादी तपासून दुरुस्त करण्याचं काम कसं चालतं ते बघू द्यावं अशी विनंती करावी. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या तारखेला अठरा पूर्ण असतील तर नाव नोंदवता येतं; सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. तिच्या कॉलेजातल्या किती जणींची नावं अजून यादीत नाहीत, ते मोजावं आणि नाव नोंदणीचा नमुना ६ भरायला त्यांना मदत करावी. लग्न होऊन आलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या, वारलेल्या माणसांच्या नोंदी यादीच्या तुमच्या गावच्या भागात कशा आहेत, तेही पाहावं. एका भागाची यादी नीट वाचली तर गाव कळतं.

आणि एक विनंती, गुरुजी. पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. यादी वाचून झाल्यावर तिला काय दिसलं, ते तिनेच, तिच्या अक्षरात मला कळवावं.