एका खुराड्यात किती जाती नांदतील?

प्रश्न: परसात आठ कोंबड्या पाळायच्या आहेत. अंड्यांसाठी लेगहॉर्न, देखणेपणासाठी सिल्की आणि पोलिश, शिवाय असीलच्या दोन माद्या घ्याव्यात असे मनात आहे. सगळ्या एकत्र चालतील का?

उत्तर: असील आधी यादीतून काढा. ही झुंजीसाठी जोपासलेली जात. नरच नव्हे, माद्याही भिडतात, आणि इतर कोंबड्या दोन टोचे खाऊन बाजूला होतात तसे असील होत नाही. पाळायचीच असेल तर तिला स्वतंत्र खुराडे हवे.

उरलेल्या तिघींतही लेगहॉर्नचे बाकी दोघींशी जमत नाही. लेगहॉर्न चपळ, बुजरी, दाण्यावर सगळ्यात आधी पोचणारी. सिल्कीच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ती उडत नाही, पावसात चिंब होते आणि टोचा चुकवून पळता येत नाही. पोलिशच्या डोक्यावरचा झुबका डोळ्यांवर येतो. जवळ आलेली कोंबडी तिला उशिरा दिसते, ती दचकते, आणि दचकणारी कोंबडी सगळ्यांचे गिऱ्हाईक होते. त्यात पोलिशची आणि बऱ्याच सिल्कींची कवटी वर फुगलेली असून तिथले हाड अपुरे असते. साध्या कोंबडीला नुसता खरचटेल असा टोचा यांच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो.

म्हणून जाती रंगावर निवडू नका, वजनावर आणि स्वभावावर निवडा. एक गट धिटांचा: लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, ससेक्स. दुसरा शांतांचा: सिल्की, पोलिश, कोचीन, फावरोल. ऑर्पिंग्टन बहुधा दोन्हीकडे खपते. आठ कोंबड्यांत दोन, फार तर तीन जाती ठेवा आणि प्रत्येक जातीच्या निदान दोन घ्या. वेगळी दिसणारी एकटी कोंबडी हमखास मार खाते. पोलिश घेतलीच तर डोळ्यांभोवतीची पिसे आखूड कापत राहा. मात्र नुकती फुटलेली, बुडाशी निळसर दिसणारी पिसे कापू नका. त्यांत रक्त असते, आणि रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचतात.

प्रश्न: चार जुन्या ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांत तीन महिन्यांच्या दोन तलंगा (अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या) सोडल्या. दुसऱ्याच दिवशी एकीच्या शेपटीजवळचे कातडे उघडे पडले. काय चुकले?

उत्तर: पहिले काम, जखमी तलंग आत्ताच बाहेर काढा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा आणि माश्या बसणार नाहीत अशा जागी ठेवा. अळ्या पडायला एक दिवस पुरतो. कातडे पूर्ण भरून लाली जाईपर्यंत परत सोडू नका. तोवर दुसरी तलंग तिच्या सोबतीला द्या, म्हणजे पुढे दोघी एकत्रच आत जातील.

चूक वयात आहे आणि घाईतही आहे. तीन महिन्यांची तलंग जुन्या कोंबडीहून बरीच हलकी असते. अंगाने बरोबरीला येईपर्यंत, म्हणजे 16 ते 18 आठवड्यांपर्यंत, थांबायला हवे होते. नवा पक्षी आधी तीस दिवस लांब, वेगळ्या भांड्यांसह ठेवायचा. श्वसनाचे काही आजार बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यांतही दडलेले असतात. या मुदतीत नाकपुड्या, डोळ्यांतला फेस, गुदद्वाराभोवतीच्या पिसांतल्या उवा आणि पायांवरचे उचललेले खवले तपासा.

त्यानंतर मध्ये जाळी घालून सात ते दहा दिवस शेजारी ठेवा: दिसतील, पण चोच पोचणार नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळच दाणे टाका. मग संध्याकाळी, निजायच्या तासभर आधी, जाळी काढा आणि तिथेच थांबा. नुसते रात्री अंधारात निजायच्या दांडीवर नेऊन बसवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तिने पहाटेपर्यंत शांतता मिळते, भांडण मिटत नाही. दाणा-पाण्याची भांडी दोन ठिकाणी, एका ठिकाणावरून दुसरे दिसणार नाही अशी ठेवा. आत शिरून बाहेर पडता येणार नाही असा कोपरा ठेवू नका. फळी तिरकी टेकवली तरी आडोसा होतो.

पाठलाग, एक-दोन टोचे, मानेची पिसे फुलवून समोरासमोर उभे राहणे, एवढे चालायचेच. खाली दाबून टोचत राहणे, पाण्यावर येऊ न देणे किंवा रक्त, यातले काहीही दिसले तर हात घाला. त्रास देणारी एकच असेल तर तिलाच तीन-चार दिवस बाहेर ठेवा. परतल्यावर तिचा वरचा क्रम बहुधा उरत नाही.

तरी टोचाटोची थांबली नाही तर जागा मोजा. खुराड्यात दर कोंबडीला 4 चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद आवारात 10 चौरस फूट हवेत. सहा कोंबड्यांना आवार 60 चौरस फुटांहून लहान असेल, तर जात बदलून काही होणार नाही.

प्रश्न: तलंगा आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकत्र आहेत. खाद्य कोणते द्यावे?

उत्तर: सगळ्यांना 16 ते 18 टक्के प्रथिनांचे ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे) खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या) खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. अंडी सुरू न झालेल्या तलंगेच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता शिंपला आपणहून खाते. चुरा पिठासारखा नको, 2 ते 5 मिलिमीटरचे तुकडे हवेत. ते पेषणीत (दाणे भरडणाऱ्या जठरात) सावकाश विरघळतात आणि रात्री कवच घडते तेव्हा कॅल्शियम मिळत राहते.

प्रश्न: ब्रह्मा आणि लेगहॉर्न एकत्र आहेत. निजायची दांडी किती उंचीवर बांधावी?

उत्तर: जड कोंबडीचा विचार करून बांधा, 45 सेंटिमीटरच्या आसपास. ब्रह्मा उंचावरून उडी मारते तेव्हा तळव्याला इजा होते आणि पुढे तिथे पू धरून गाठ येते. लेगहॉर्नला उंची आवडते खरी, पण एक दांडी वर आणि एक खाली बांधलीत तर वरच्या जागेवरून रोज संध्याकाळी रण पेटेल. सगळ्या दांड्या एकाच पातळीला ठेवा, 5 ते 9 सेंटिमीटर रुंद, कडा घासलेल्या, दर कोंबडीला 25 ते 30 सेंटिमीटर. अंड्याच्या पेट्या दांडीहून खालीच हव्यात, नाहीतर कोंबड्या पेटीत निजतील आणि अंडी विष्ठेने माखतील. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते.

प्रश्न: आठ कोंबड्यांमागे दोन कोंबडे ठेवले तर?

उत्तर: एकच ठेवा, आठ ते दहा माद्यांमागे एक हे प्रमाण. बुटक्या जातीच्या माद्यांत ब्रह्मासारखा जड नर सोडू नका. नख्यांनी त्यांच्या पाठी सोलून निघतात.