‘आमच्या ओळखी कुठे?’

निपाणीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. उद्योगांची, शेतकऱ्यांची बाजू सरकारदरबारी मांडायचं, म्हणजे लॉबिंगचं, काम करायचं म्हणते. वडील विचारतात, ही दलालीच ना? आणि आम्हा मराठी माणसांच्या बेंगळुरात ओळखी कुठे?

दादा, दलालीचं आधी. आपल्याकडे लॉबिंगसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून हे नाव बदनाम आहे. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. जिथे पाकिटाची भाषा सुरू होईल, तिथून मुलीनं उठून यावं. बाकीचं काम उघड्यावरचं आहे. विजेचे दर ठरवण्याआधी कर्नाटक वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिथे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांचं म्हणणं आकड्यांनिशी कुणीतरी मांडावंच लागतं.

आता ओळखी. मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी एका उद्योजक संघटनेच्या कार्यालयात होतो. आमच्या सचिवांनी वीजदराबद्दल हुबळीच्या एका अधिकाऱ्याला निवेदन दिलं होतं. रात्री प्रत चाळताना त्यांना दिसलं की काही कारखाने दोनदा मोजले गेलेत. चूक आमच्याच फायद्याची होती, कुणाला कळलीही नसती. सकाळच्या पहिल्या बसनं ते हुबळीला गेले, साहेबांच्या टेबलावर दुरुस्त पान ठेवलं आणि जुनं मागून घेतलं. साहेब काहीच बोलले नाहीत. पुढे त्यांची बेंगळुरूला बदली झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं, आमच्या धंद्याचा विषय निघाला की तेच फोन करायचे, "तुमच्याकडचा आकडा काय आहे?"

अशी ओळख घरातून मिळत नाही, ती कमवायला वर्षं जातात. आणि ती एकाच माणसाशी असून भागत नाही. अमेरिकेत लॉबिस्टांना कमाई जाहीर करावी लागते. तिथल्या २०१२च्या एका अभ्यासात दिसलं, की सिनेटरच्या कार्यालयात काम करून आलेल्या लॉबिस्टची कमाई तो सिनेटर पायउतार होताच सुमारे २४ टक्क्यांनी घसरते. आपल्या कर्नाटकात तर १९८५ नंतर कुठल्याच सत्ताधारी पक्षाला निवडणूक जिंकून सत्ता राखता आलेली नाही. आज विरोधी बाकावर बसलेला आमदार उद्या मंत्री असतो. त्याला पडत्या काळात भेटत राहावं. खात्यातल्या कारकुनालाही तेवढाच मान द्यावा. फाइल कुठे अडकलीय हे त्यालाच ठाऊक असतं.

एक गोष्ट तुम्हाला टोचेल. तिला कन्नड लिहिता आलं पाहिजे, नुसतं बाजारात बोलण्यापुरतं नको. सीमाभाग कर्नाटकात गेल्याचं १९५६चं दुखणं माझ्याही घरात आहे, मराठी सोडा असं मी कधीच सांगणार नाही. पण बेंगळुरात फाइल कन्नडमध्ये चालते. शिवाय निपाणीच्या पलीकडे लगेच कोल्हापूर. उसाचा प्रश्न दोन्ही राज्यांत, दोन्ही भाषांत मांडू शकणारी मुलगी संघटनांना सहज सापडत नाही.

पदवीनंतर दिल्लीची लॅम्प फेलोशिप बघा. तिथे २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना खासदाराबरोबर काम करायला मिळतं. त्याआधी विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात भरेल तेव्हा पास काढून तिला सुवर्ण विधानसौधला पाठवा. आपल्या भागातला एकच प्रश्न तिनं निवडावा, त्यावर कन्नडमध्ये एक पान लिहावं, आणि कुणाला देण्याआधी त्यातला प्रत्येक आकडा तुम्ही दोघांनी बसून तपासावा.