सापाचा रोबोट पहिल्यांदा बनवतोयस ना? मग आधी एवढं बघ
अरे भारी विषय घेतलास! पण लगेच बारा सर्वो (सांगू त्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी) मागवू नकोस, चार-पाच जोडांचा साप आधी नीट चालव, पुढचं आपोआप सुचतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाकं. नुसतं अंग वळवळलं म्हणजे साप पुढे जात नाही, माझा पहिला घरातल्या गुळगुळीत फरशीवर एकाच जागी तडफडत होता. प्रत्येक तुकड्याखाली मोटर नसलेली दोन छोटी चाकं लाव, ती पुढे सहज फिरतात पण आडवी घसरत नाहीत, म्हणून वळवळीचा जोर पुढे जातो. जपानमध्ये हिरोसे नावाच्या संशोधकांनी 1972 साली पहिला असा रोबोट चालवला तो याच तत्त्वावर. वळवळीची लाट म्हणजे प्रत्येक सर्वोला तीच साइन वेव्ह (एका बाजूला-दुसऱ्या बाजूला सलग झुलणारी हालचाल), फक्त मागच्याला जरा उशिरा, बस.

नवीन पोरं हमखास चुकतात ते:
- सगळे सर्वो आर्डुइनोच्या (सर्वोंना हुकूम देणारा छोटा बोर्ड) पाच व्होल्ट पिनवर, मग बोर्ड सारखा रीसेट. पॉवर वेगळी दे, ग्राउंड (मायनसची वायर) मात्र एकत्र जोड.
- प्लास्टिक गिअरचे सर्वो. दात झडतात, थोडे पैसे जास्त गेले तरी मेटल गिअरचेच घे.
- वायर ताणून बसवणं. प्रत्येक जोडापाशी थोडी ढील ठेव.

कॅमेरा, चढणं-बिढणं सध्या राहू दे. उपयोग काय असं कोणी विचारलं तर सांग, 2017 च्या मेक्सिको सिटी भूकंपात ढिगाऱ्याखाली शोधायला असा रोबोट आत सोडला होता, आणि आपल्या नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले अरुंद पाइप आतून बघायलाही असंच यंत्र लागेल. रविवारी मोकळा असलास तर गंगापूर रोडला ये, माझा साप घेऊन येतो, हातात धरून बघ.