'सेलिब्रेट' म्हणजे फक्त साजरा करणे का? पुण्यतिथीला हा शब्द चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घोळ तिथेच जास्त होतो: नाही, चालत नाही.

रोजच्या इंग्रजीत 'सेलिब्रेट' म्हटलं की आनंद गृहीत धरलेला असतो. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आपण सेलिब्रेट करतो. पण ६ डिसेंबरला, म्हणजे १९५६ साली बाबासाहेब गेले त्या तारखेला, चैत्यभूमीवर लोक अभिवादनाला येतात. त्या दिवसासाठी 'ऑब्झर्व्ह' वापरा: 'महापरिनिर्वाण दिन इज ऑब्झर्व्ह्ड ऑन सिक्स्थ डिसेंबर.' ३० जानेवारीचा हुतात्मा दिन, मोहरम, गुड फ्रायडे, एकादशीचा उपास, सगळीकडे हेच क्रियापद. स्मृती जागवण्यावर भर असेल तर 'कमेमरेट'. शाळांच्या इंग्रजी अहवालांत पुण्यतिथी 'वॉज सेलिब्रेटेड विथ ग्रेट एन्थुझिअ‍ॅझम' असं छापलेलं दिसतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. जयंतीचं वाक्य उचलायचं आणि तारीख तेवढी बदलायची, असं होतं ते. संतांची गोष्ट वेगळी. तुकाराम बीजेला देहूत वैकुंठगमनाचा सोहळाच असतो, तिथे 'सेलिब्रेट' खटकणार नाही.

आता वाक्यरचना. या क्रियापदाचं कर्म बहुतेक वेळा प्रसंग किंवा यश असतं आणि ते थेट येतं, मध्ये कुठलंही शब्दयोगी अव्यय लागत नाही: 'वी सेलिब्रेटेड हर बर्थडे.' कर्म नसलं तरी चालतं: 'लेट्स सेलिब्रेट!' मैत्रिणीला बढती मिळाली तर तिचं अभिनंदन करायला मात्र 'आय सेलिब्रेट यू' म्हणू नका. तिथे 'कंग्रॅच्युलेट', आणि त्याला 'ऑन' लागतं: 'आय कंग्रॅच्युलेट यू ऑन युअर प्रमोशन.' माणूस कर्म म्हणून येतो तेव्हा अर्थ गौरव करणे, गुण गाणे असा होतो. पोवाडा शिवाजी महाराजांना सेलिब्रेट करतो, असं म्हणता येतं.

एक जुना अर्थ वसई-गोव्याकडच्या वाचकांना ओळखीचा असेल. धर्मगुरू मिस्सा, म्हणजे चर्चमधला सामूहिक उपासनाविधी, 'सेलिब्रेट' करतात, अगदी अंत्यविधीची मिस्सासुद्धा. तिथे आनंदाचा संबंध नाही, विधी सर्वांसमक्ष पार पाडणे एवढाच अर्थ. ज्या लॅटिन शब्दापासून हे क्रियापद आलं, त्याच्या मुळाशी गर्दी, वर्दळ आहे. 'सेलिब्रिटी' हा शब्दही तिथलाच. म्हणून 'अ सेलिब्रेटेड रायटर' म्हणजे ख्यातनाम लेखक, सत्कार झालेला लेखक नव्हे.

काळाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे 'वी आर सेलिब्रेटिंग दिवाळी एव्हरी इयर' सर्रास ऐकू येतं. दरवर्षीची गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ, 'वी सेलिब्रेट'. 'आर सेलिब्रेटिंग' हे फराळाची ताटं समोर असताना, किंवा 'यंदा गावी करतोय' असं सांगताना.